बत्तीस गुण

माणसाचा माणसावर नसेल एवढा विश्वास आकड्यावर असतो. सात नंबरची नवी वहाण चावली, तर माणूस वहाणेला दोष देत नाही, पायाला देतो. ‘गेली वीस वर्षं मी सातच नंबर घालतोय!’ असे तो त्या बिचाऱ्या पायाला बजावतो. चाळीस नंबरचा सदरा एका दुकानात पोटावर ताणतो आणि दुसऱ्या दुकानातला चाळीस नंबर उशीच्या अभ्र्यासारखा लोंबतो. तरी आपण तिसऱ्या दुकानात जाऊन चाळीसच मागतो. लग्नाचे तर विचारूच नका. छत्तीसपैकी बत्तीस गुण जुळले म्हणून वाजतगाजत लागलेली लग्ने आपण पाहिली आहेत, आणि उरलेल्या चार गुणांनी पुढे तीस वर्षे काय धुमाकूळ घातला तेही पाहिले आहे.

तरी वहाण चावली तर फार तर कातडे सोलते. हाच विश्वास काडतुसावर ठेवला तर बोटे जातात. हे ज्ञान मला जोह्यात झाले.

जोहे म्हणजे पेण तालुक्यातले गणपतीच्या कारखान्यांचे गाव. आमच्या साडूंचा तिथे कारखाना आहे. सीझनला रोख रक्कम घेऊन एकट्याने जावे-यावे लागते, म्हणून त्यांनी बऱ्याच खेपा घालून आत्मसंरक्षणाचा परवाना काढला आणि कानपूरच्या सरकारी कारखान्याचे .३२ बोअरचे रिव्हॉल्व्हर घेतले. तेव्हापासून रिव्हॉल्व्हरचेच संरक्षण चालू आहे. कपाटाला दुहेरी कुलूप, कुलपाची काळजी, आणि निवडणूक आली की पोलीस ठाण्यात जमा करून पावती घेणे. त्या पावतीच्या संरक्षणासाठी अजून परवाना लागत नाही, एवढेच.

एका श्रावणात मी तिथे असताना साडूंचे एक स्नेही मूर्ती ठरवायला आले. त्यांच्याकडे पिस्तूल होते. ते विकून मुलाकडे परदेशी जायचा त्यांचा बेत होता. निघताना त्यांनी खिशातून अर्धी रिकामी डबी काढली. “तुमचं बत्तीसच ना? ही पण बत्तीसचीच. राहू द्या.”

साडूंचा चेहरा खुलला. काडतुसे स्वस्त नसतात. “बत्तीस म्हणजे बत्तीस!” असे म्हणून त्यांनी आपले एक काडतूस आणून स्नेह्यांच्या काडतुसाशेजारी पाटावर उभे केले. आजूबाजूला पन्नास-साठ गणपती डोळ्यांवाचून बसले होते. त्यांचे डोळे उघडणारा म्हातारा आखणी कामगार कानावर ब्रश ठेवून जवळ आला. अर्ध्या सुताची चूक झाली तर गणपती तिरळा होतो, हे उभ्या जन्मात शिकलेली ती नजर. त्याने एकदाच पाहिले.

“शेठ, हा त्याचा भाऊ नाय. ह्याला बूड हाय. त्याला नुसती कमर हाय.”

साडू हसले. पण मला ते ‘बूड’ सोडीना. आणि साडूंच्या उजव्या हातावर सात-आठ माणसांचे पोट चालते, हेही आठवले. फौजेच्या शस्त्रागारात उमेद घालवलेले एक निवृत्त सुभेदार माझ्या ओळखीचे होते. त्यांना फोन लावला. ते आधी माझ्यावरच ओरडले, “हात लावू नका!” आणि मग समजावून सांगू लागले.

म्हणाले, बत्तीस हे आडनाव समजा. एका आडनावाची सगळी माणसे एका घरातली नसतात. रिव्हॉल्व्हरचे बत्तीस म्हणजे ‘स्मिथ अँड वेसन लाँग’, जन्म १८९६. पिस्तुलाचे बत्तीस ब्राउनिंगने १८९९ मध्ये काढले. (आपल्याला ब्राउनिंग हे नाव नाशिकच्या १९०९ च्या जॅक्सन वधामुळे ठाऊक, तोच हा.) रिव्हॉल्व्हरच्या चक्रात सहा घरे असतात. काडतूस आत घसरून जाऊ नये म्हणून त्याच्या बुडाला बाहेर आलेला काठ असतो; त्या काठावर ते दाराशी अडून बसते आणि रिकामी पुंगळी त्याच काठाला ढकलून बाहेर काढतात. पिस्तुलात काडतुसे एकावर एक रचून वर सरकतात. तिथे रुंद काठ आडवा येतो, म्हणून काठ जेमतेम ठेवून त्याच्यावर खाच पाडलेली असते. म्हणजे आमच्या म्हाताऱ्याची ‘कमर’! दोन्ही काठांच्या व्यासात फरक किती? अर्धा मिलिमीटरही नाही.

“म्हणजे बसणारच नाही ना?” मी विचारले.

“बसू शकतं हो! तीच तर पंचाईत आहे.”

अंगाने दोघे सारखेच जाड. पिस्तुलाचे काडतूस ठेंगणे, पुंगळी सतरा मिलिमीटरची. रिव्हॉल्व्हरचे तेवीस मिलिमीटरच्या वर. ठेंगण्याची गोळीही हलकी. पण मूर्ती लहान आणि कीर्ती महान! अमेरिकन मानकांप्रमाणे रिव्हॉल्व्हरच्या बत्तिसाचा दाब चौरस इंचाला पंधरा हजार पौंडांपर्यंत, आणि या बुटबैंगणाचा वीस हजार पाचशेपर्यंत. मोटारीच्या चाकात आपण तीसेक पौंड हवा भरतो, यावरून काय ते समजा. त्या जास्तीच्या दाबासाठी जुने चक्र घडवलेले नसते. चक्र फुटले तर तुकडे चोराकडे जातीलच असे नाही. धरणारा हात जवळ असतो.

एवढ्यावर सुभेदार थांबले नाहीत. म्हणाले, बत्तीस तरी बत्तीस कुठे आहे? गोळी मोजली तर इंचाच्या शंभर भागांतले एकतीस भरते. अडतीस ‘स्पेशल’ तर छत्तिसाच्या आतच. पूर्वी गोळी पुंगळीच्या बाहेरच्या जाडीएवढी असे. पुढे ती पुंगळीच्या आत गेली, आकडा मात्र बाहेरच राहिला. वाडा पडून इमारत झाली तरी पत्त्यात वाडाच राहतो, तसे. उलट .३५७ ‘मॅग्नम’ हे नाव वेगळे, पण गोळी अडतीस स्पेशलच्याच जाडीची. म्हणून मॅग्नमच्या रिव्हॉल्व्हरमध्ये अडतीस स्पेशल चालते. मॅग्नमने अडतिसाच्या घरी जायचे नाही. तिचा दाब दुपटीच्या आसपास. आणि लोक आकडे वाचून थांबत नाहीत हे ओळखून १९३५ च्या सुमारास ती बाजारात आणणाऱ्यांनी पुंगळीच एक अष्टमांश इंच लांब केली. आत जाऊच नये! पत्रिका पाहण्यापेक्षा दार लहान ठेवणे बरे, असा व्यवहारी विचार त्यांनी केला. बत्तिसाच्या दोन घराण्यांत असे दार कोणी बसवले नाही. त्यामुळे नळीवर कोरलेले पूर्ण नाव आणि काडतुसाच्या बुडावरचे पूर्ण नाव जुळते का, एवढेच पाहायचे. नुसता आकडा नव्हे. आणि ‘बसले’ म्हणजे ‘जुळले’ नव्हे.

“आणि एक,” सुभेदार म्हणाले, “काडतूस ही पानाची डबी नव्हे. हातोहात द्यायची नसते. घेतलेल्या प्रत्येकाची परवान्यावर नोंद असते.”

हे ऐकताच स्नेह्यांनी डबी खिशात घातली. पिस्तुलाबरोबर तीही परवानाधारक विक्रेत्याकडे जमा केल्याचे त्यांनी पुढे कळवले. आखणीवाला म्हातारा तोवर आपल्या गणपतीकडे परत गेला होता. ‘बुद्धीची देवता’ म्हणतात ती त्या दिवशी डोळे नसतानाही जागी होती.

साडूंवर मात्र परिणाम कायमचा झाला. गेल्या वर्षी त्यांच्या मुलीसाठी स्थळ आले. गुरुजींनी पंचांग उघडले, बोटांवर हिशेब केला आणि प्रसन्न मुद्रेने म्हणाले, “वा! बत्तीस गुण जुळतात!”

साडू दचकून पुढे सरकले.

“गुण राहू द्या, गुरुजी,” ते म्हणाले. “मुलाचं बूड एका जागी टिकतं का, ते बघा!”