विचारलंत, तर थांबा

खगोलशास्त्रावरच्या व्याख्यानात माझा एक प्रश्न ठरलेला असतो. आपल्या गावात सूर्य बरोबर डोक्यावर कधी येतो? पडद्यावर चार पर्याय असतात: रोज दुपारी बारा वाजता, वर्षातून एकदा म्हणजे २१ जूनला, वर्षातून दोनदा, कधीच नाही. श्रोते फोनने क्यूआर कोड स्कॅन करतात, एक पर्याय निवडतात आणि माझ्या लॅपटॉपवर चार स्तंभ हळूहळू वाढत जातात. तालुक्याच्या गावातली व्याख्यानमाला असो, कॉलेजचा विज्ञान दिन असो, की शिक्षकांचं प्रशिक्षण असो, ‘रोज बारा वाजता’ हा स्तंभ बहुतेक वेळा सगळ्यांत उंच होतो.

उत्तर आहे, वर्षातून दोनदा. अख्खा महाराष्ट्र कर्कवृत्ताच्या दक्षिणेला आहे. त्यामुळे सूर्य उत्तरेकडे जाताना एकदा आणि परतताना एकदा आपल्या माथ्यावर येतो. पुण्या-मुंबईत हे दिवस मेच्या मध्यावर आणि जुलैच्या अखेरीला येतात. कोल्हापुरात मेमधला दिवस आठवडाभर आधी असतो, नागपुरात तो मेच्या शेवटच्या आठवड्यात जातो. शिवाय त्या क्षणी घड्याळात बारा वाजलेलेच नसतात. पुण्यात साडेबाराच्या आसपासची वेळ असते, कारण आपली घड्याळं ८२.५ अंश पूर्व रेखावृत्तावर लावलेली आहेत आणि पुणे त्याच्या बरंच पश्चिमेला आहे.

हे सगळं मी प्रश्न न विचारताही सांगू शकते. लोक माना डोलावतात, टाळ्या वाजवतात, बाहेर पडताना चहा घेतात. पण ज्याने आत्ताच बोट टेकवून ‘रोज बारा वाजता’ म्हटलेलं आहे, त्याच्या कानावर तेच वाक्य वेगळं पडतं. त्याने एक बाजू घेतलेली असते. आता त्याला खरंच जाणून घ्यायचं असतं. सभागृहात तंत्रज्ञान आणण्याचं मला पटलेलं कारण एवढंच आहे. बाकी रंगीत आलेख, नाचणारे आकडे, संगीत हे सगळं त्याच्यानंतर.

हा विचार भौतिकशास्त्राच्या वर्गातून आला आहे. हार्वर्डचे प्राध्यापक एरिक मझूर यांची व्याख्यानं विद्यार्थ्यांना आवडत, परीक्षेतली गणितंही विद्यार्थी सोडवत. १९९० च्या सुमारास त्यांनी न्यूटनच्या नियमांवरची, आकडेमोड नसलेली एक साधी चाचणी वर्गाला दिली. एका विद्यार्थिनीने त्यांना विचारलं, की उत्तरं तुम्ही शिकवलंत तशी लिहू, की मला स्वतःला वाटतं तशी? ही शंका त्यांच्या सगळ्या अध्यापनावर बोट ठेवणारी होती. १९९१ पासून त्यांनी पद्धत बदलली. थोडं बोलायचं, मग एक संकल्पनात्मक प्रश्न टाकायचा, प्रत्येकाने स्वतः विचार करून मत द्यायचं, मग शेजाऱ्याशी वाद घालायचा आणि पुन्हा मत द्यायचं. सुरुवातीला त्यांच्याकडे यासाठी नुसती कार्डं होती, उपकरणं नंतर आली. १९९७ मध्ये त्यांनी या पद्धतीवर पुस्तक लिहिलं, आणि आजही या कामातलं ते सगळ्यांत उपयोगी पुस्तक आहे असं मी मानते.

या पद्धतीचा प्राण दोन मतदानांच्या मधल्या तीन मिनिटांत आहे. पहिल्या मतदानात बरोबर उत्तर साधारण तीस ते सत्तर टक्क्यांच्या दरम्यान आलं, तर चर्चेला घालायचं. त्याहून कमी आलं, तर लोकांना मुळातलंच काही कळलेलं नाही, मागे जाऊन पुन्हा समजवायचं. फार जास्त आलं, तर एका वाक्यात दाद देऊन पुढे निघायचं. म्हणजे श्रोत्यांच्या उत्तरावर माझं पुढचं वाक्य अवलंबून असतं. त्यासाठी तिन्ही वाटांची तयारी घरून करून यावी लागते, आणि बहुतेक वक्ते तिथेच कमी पडतात.

डोक्यावरच्या सूर्याची चर्चा मला दर वेळी नव्याने आवडते. सभागृह आधी कुजबुजतं, मग चांगलंच गजबजतं. कुणी म्हणतं, दुपारी सावली पायाखाली असते, शाळेत शिकलोय की. कुणी २१ जूनचा हट्ट धरतं. एका गावात मागच्या रांगेतल्या एका आजींनी शेजारच्या मुलीला सांगितलेलं मी ऐकलं: “थंडीत भर दुपारी आमच्या दक्षिणेच्या खिडकीतून ऊन आत येतं. डोक्यावर असता तर आलं असतं का गं?” त्या मुलीने उत्तर बदललं. आजींचा पुरावा माझ्या पृथ्वीच्या आकृतीपेक्षा सरस होता. पुण्याच्या अक्षांशावर डिसेंबरच्या अखेरीस मध्यान्हीचाही सूर्य क्षितिजापासून अठ्ठेचाळीस अंशांवरच थांबतो. त्यानंतर मी माझ्या सादरीकरणातली आकृती काढून टाकली आणि खिडकीपासूनच सुरुवात करू लागले.

पहिल्या मतदानाचा आलेख मी पडद्यावर दाखवत नाही. स्लायडो, मेंटीमीटर यांसारख्या साधनांत निकाल झाकून ठेवण्याची सोय असते, ती वापरावीच. उंच स्तंभ दिसला की लोक तिकडे झुकतात. ‘हात वर करा’ या जुन्या पद्धतीतही हेच होतं. पुढच्या रांगेत मुख्याध्यापक, सरपंच किंवा संस्थेचे अध्यक्ष बसलेले असतात, त्यांचा हात वर गेला की मागचे हात ठरतात. सॉलोमन अ‍ॅश या मानसशास्त्रज्ञाने १९५१ मध्ये रेषांच्या लांबीचा साधा प्रयोग करून दाखवलं होतं, की सगळे एकमुखाने चुकीचं बोलू लागले, तर डोळ्यांना स्पष्ट दिसणारं उत्तरसुद्धा बरीच माणसं सोडून देतात. फोनवरचं निनावी मत या दडपणातून माणसाला मोकळं करतं. मला या साधनांचा हा गुण फार मोलाचा वाटतो.

आता ज्या गोष्टीमुळे हा लेख लिहावासा वाटला, ती सांगते. गेल्या काही वर्षांत परिषदा, कंपन्यांची प्रशिक्षणं, शाळांचे कार्यक्रम, सगळीकडे ‘इंटरॅक्टिव्ह’ हा शब्द आला आहे. मेंटीमीटर स्टॉकहोममध्ये आणि स्लायडो ब्रातिस्लाव्हात, दोन्ही २०१२ मध्ये सुरू झाली. नॉर्वेतलं कहूट २०१३ मध्ये आलं. आज ही साधनं कुणालाही सहज मिळतात. वक्ता प्रश्न टाकतो, दोनशे माणसं उत्तर देतात, वक्ता “वा, छान!” म्हणतो आणि आधीच ठरलेली पुढची स्लाइड लावतो. दोनशे माणसांनी काय सांगितलं, याने काडीचाही फरक पडलेला नसतो.

याचा एक जुना नमुना आहे. मॉन्ट्रियलच्या १९६७ च्या जागतिक प्रदर्शनात चेकोस्लोव्हाकियाच्या दालनात ‘किनोऑटोमाट’ नावाचा सिनेमा दाखवत. रादूझ चिन्चेरा त्याचे कर्ते. प्रेक्षागृहात १२७ खुर्च्या होत्या आणि प्रत्येक खुर्चीला एक लाल, एक हिरवं बटण. ठरावीक जागी सिनेमा थांबे, निवेदक रंगमंचावर येई आणि नायकाने पुढे काय करावं हे प्रेक्षकांना विचारी. बहुमताप्रमाणे पुढचं रीळ लागे. पण प्रेक्षकांनी काहीही निवडलं, तरी गोष्ट फिरून पुढच्या त्याच टप्प्यावर येई आणि शेवटी सिनेमातली इमारत जळायची ती जळेच. चिन्चेरांनी हे जाणूनबुजून केलं होतं, मतदानावरच त्यांना काही म्हणायचं होतं. आपल्या सभागृहांत मात्र हे नकळत घडतं आणि श्रोत्यांना ते दुसऱ्याच प्रश्नाला कळतं. मग तिसऱ्या प्रश्नाला ते फोन हातात घेतात, पण व्हॉट्सअ‍ॅप उघडतात. तो त्यांचा दोष नाही.

म्हणून तासाभरात मी तीनच प्रश्न घेते. एक प्रश्न नीट घ्यायचा तर मत, चर्चा, पुन्हा मत आणि उलगडा धरून सहा-सात मिनिटं सहज जातात. ती मिनिटं स्वतःच्या बोलण्यातून काढावी लागतात आणि ते जिवावर येतं, कारण आवडत्या स्लाइड्स गाळाव्या लागतात. पण गाळाव्यातच.

प्रश्न लिहिणं हे या कामातलं सगळ्यांत अवघड काम. चुकीचे पर्याय मनाने रचून चालत नाहीत, ते लोकांच्या तोंडून यावे लागतात. मी व्याख्यानानंतर लोकांशी बोलताना ते गोळा करते. ‘उन्हाळ्यात पृथ्वी सूर्याच्या जवळ असते’ हा असाच एक अस्सल पर्याय आहे. खरं तर पृथ्वी सूर्याच्या सर्वांत जवळ येते ती जानेवारीच्या सुरुवातीला, आपण स्वेटर घालतो तेव्हा. अंतर तेव्हा सुमारे १४ कोटी ७० लाख किलोमीटर असतं, आणि जुलैच्या सुरुवातीला १५ कोटी २० लाख. चुकीच्या पर्यायामागे असं सच्चं तर्कशास्त्र असलं की चर्चा रंगते. पाठांतराचा प्रश्न विचारला, उदाहरणार्थ गुरूला चंद्र किती, की चर्चेला जागाच उरत नाही.

वर्ड क्लाउड, म्हणजे लोकांनी लिहिलेल्या शब्दांचा ढग, मी मराठी सभेत सहसा वापरत नाही. कुणी ‘सूर्य’ लिहितं, कुणी ‘सुर्य’, कुणी रोमन लिपीत लिहितं. यंत्राला ते तीन वेगळे शब्द वाटतात. सगळ्यांच्या मनातली एकच गोष्ट पडद्यावर तीन छोट्या तुकड्यांत विखुरते आणि एखादा भलताच शब्द मोठा दिसतो. त्यातून ज्यांचं शुद्धलेखन चुकलं, त्यांना ते दोनशे माणसांसमोर दिसतं. पर्याय देऊन विचारलेलं बरं.

वेगाला गुण देणाऱ्या खेळांबद्दलही माझं मत स्पष्ट आहे. कहूटवर मुलं उसळतात, वर्गाच्या शेवटी उजळणीला ते छान चालतं. पण ज्या प्रश्नावर विचार व्हावा असं वाटतं, तिथे जो आधी बोट दाबेल त्याला जास्त गुण ही व्यवस्था घातक आहे. सावकाश विचार करणारं मूल आणि सावकाश फोन हाताळणारे आजोबा दोघेही पहिल्याच फेरीत मनातून बाहेर पडतात. घड्याळ बंद करण्याची किंवा गुण काढून टाकण्याची सोय असेल तर ती वापरावी, नसेल तर दुसरं साधन घ्यावं.

फोनच नसतील तिथे काय? जिल्हा परिषदेच्या शाळांत मी प्लिकर्सची कार्डं नेते. कागदावर छापलेली एक काळी-पांढरी आकृती असते आणि तिच्या चार बाजूंना ए, बी, सी, डी ही अक्षरं. मुलाने आपल्या उत्तराची बाजू वर करून कार्ड धरायचं. शिक्षकाने एकाच फोनचा कॅमेरा वर्गावरून फिरवला की सगळी उत्तरं टिपली जातात. प्रत्येकाची आकृती वेगळी असल्याने शेजाऱ्याने काय दिलं हे मुलांना सहजी ओळखता येत नाही. तेही जमत नसेल, तर चार रंगांचे कागद पुरतात, छातीशी धरून फक्त वक्त्याला दिसतील असे. कॅनडातल्या नॅथॅनियल लॅस्री यांनी २००८ मध्ये क्लिकर, म्हणजे मत नोंदवण्याचं हातातलं उपकरण, आणि साधी कार्डं यांची तुलना प्रसिद्ध केली. चर्चेची पद्धत तीच ठेवली, तर विद्यार्थ्यांच्या समजेत लक्षणीय फरक त्यांना आढळला नाही. उपकरणामुळे शिक्षकाचं मोजणं सोपं होतं, शिकणं वाढतं ते चर्चेमुळे.

एका बाबतीत मात्र फोनला तोड नाही, ती म्हणजे निनावी प्रश्न. आपल्याकडे व्याख्यानांची परंपरा जुनी. न्यायमूर्ती रानड्यांनी पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू केली ती १८७५ मध्ये. व्याख्यान संपताना वक्त्याकडे चिठ्ठ्या पाठवण्याची पद्धतही आपल्याला नवी नाही. पण चिठ्ठी चार हातांतून जाते आणि अक्षर ओळखीचं असतं. माइक हातात घेऊन उभं राहायला तर त्याहून धीर लागतो. ग्रहणावरच्या एका व्याख्यानात पडद्यावर प्रश्न आला: मी पाच महिन्यांची गरोदर आहे, घरचे म्हणतात ग्रहणात भाजी चिरू नको, बाहेर जाऊ नको, बाळाला खरंच काही होतं का? हा प्रश्न त्या गावात माइकवर कधीच आला नसता. मी ठरलेला भाग बाजूला ठेवला आणि त्याचंच उत्तर दिलं: ग्रहण ही सावली आहे, सावलीने बाळाला काही होत नाही, भाजी चिरा, वेळेवर जेवा, पाणी प्या. फक्त सूर्याकडे नुसत्या डोळ्यांनी पाहू नका, आणि हे तर सगळ्यांनाच लागू आहे. त्यानंतर तसेच आणखी प्रश्न येत राहिले. सगळ्यांत जास्त पसंती मिळालेला प्रश्न वर सरकवण्याची सोय या साधनांत असते, पण असे प्रश्न पुष्कळदा तळाशी पडून राहतात. म्हणून मी यादी खालूनही वाचते.

व्याख्यानमाला चालवणाऱ्यांना माझी एक विनंती आहे. वक्त्याला बोलावताना विषय आणि मानधन ठरवता, त्याच फोनवर हेही विचारा, की तुम्ही श्रोत्यांना काय विचारणार आहात आणि त्यांच्या उत्तरानंतर काय करणार आहात. सभागृहात नेटवर्क मिळतं का, ते आदल्या दिवशी शेवटच्या रांगेत बसून बघा. क्यूआर कोड पडद्यावर असेलच, पण तो खुर्चीवरच्या कागदावरही छापा. ज्येष्ठांच्या मदतीला दोन मुलं उभी ठेवा. फोन नसलेल्यांसाठी चार रंगांचे कागद ठेवा, त्यांचा खर्च हारतुऱ्यांपेक्षा कमी आहे. आणि सत्काराची, प्रास्ताविकाची वीस मिनिटं कापून ती श्रोत्यांना द्या.