नाश्त्याला वेगळं काय?

"नाश्त्याला काहीतरी वेगळं सांगा ना" असा निरोप महिन्यातून दोनतीनदा तरी येतो. विचारणाऱ्या बहुतेक नव्या सुना असतात, नाहीतर शिकायला बाहेरगावी खोली करून राहणारी पोरं. वेगळं म्हणजे त्यांच्या मनात ओट्स, पास्ता, चीज घातलेलं सँडविच असं काहीतरी असतं. माझ्याकडे त्यातलं फारसं काही नाही. मला वेगळं शोधावं लागलं ते हौसेपोटी नव्हे, अब्बांच्या, म्हणजे माझ्या सासऱ्यांच्या साखरेपायी.

उपाशीपोटीची साखर २१० निघाली. अब्बांचा नाश्ता वर्षानुवर्षं एकच : फजरची नमाज झाली की दोन कप गोड चहा आणि त्यात बुडवलेले बटर किंवा पाव. डॉक्टरांनी दोन्ही बंद केलं. घरी येताना अब्बा एवढंच म्हणाले, "फिर सुबह खाऊँ क्या?"

मी म्हटलं पोहे. पण साखरेच्या माणसाला पोह्यांची भरलेली बशीही जपूनच द्यावी लागते. मग सहज मनात आलं की आपण ज्याला रोजचा घरगुती नाश्ता म्हणतो, त्यातलं आपल्या शिवारातलं आहे तरी काय? पोहे धानाचे, आणि धान पिकतं पूर्व विदर्भात, कोकणात. धाडच्या आसपास सोयाबीन, कापूस, मका, मिरची. साबुदाणा तामिळनाडूतल्या कंदाचा. पाव तर नावासकट पोर्तुगिजांचा. आणि इथली म्हणावी ती ज्वारी नाश्त्याच्या ताटात कुठेच नाही. २०२३ हे वर्ष संयुक्त राष्ट्रांनी भरड धान्यांचं म्हणून साजरं केलं तेव्हा ज्वारीचे कुकीज, ज्वारीचा पिझ्झा असं बरंच मोबाईलवर फिरलं. कण्यांचं नाव मात्र मला कुठे दिसलं नाही.

तर कण्या. ज्वारी गिरणीत भरडून आणायची, पीठ चाळून काढायचं, वर उरतो जाड रवा, त्या कण्या. रात्री वाटीभर कण्या धुऊन ताकात भिजत घालायच्या. सकाळी तिप्पट पाणी घालून मंद आचेवर शिजवायच्या, वीसपंचवीस मिनिटं लागतात, मधूनमधून ढवळावं लागतं, नाहीतर खाली लागतात. वरून लसूण, जिरं आणि सुक्या लाल मिरचीची फोडणी. सोबत जवसाची चटणी. माझ्या आईकडे हे रात्रीचं जेवण होतं, आजारी माणसाचं तर हमखास. ज्वारी खाल्ली म्हणजे साखर चढत नाही असं मात्र समजू नका, तीही शेवटी पिठूळच. वाटीभर कण्या आणि एक उकडलेलं अंडं, एवढ्यावर थांबावं लागतं.

कण्या अब्बांनी खाल्ल्या. अडलं ते कुटक्यांवर.

रात्रीची उरलेली भाकरी चुरायची, ताकाचा हबका मारायचा, कांदा, मिरची, शेंगदाण्याच्या फोडणीत परतायची, हे आमच्याकडचे कुटके. माझ्या लेखी यापेक्षा सोपा आणि चवदार नाश्ता नाही. पोरं तर भांडून खातात. अब्बांनी बशी बाजूला सरकवली. "बासी टुकडे हैं." मला आधी वाटलं चवीचा प्रश्न आहे. दोन दिवसांनी शेजारचे चाचा आले असताना मी तीच बशी त्यांच्यापुढे ठेवली, तर अब्बांनी ती उचलून आत पाठवली आणि बेकरीतून खारी आणवली.

अब्बा १९७२ च्या दुष्काळात दहाबारा वर्षांचे होते. त्यांचे वडील खडी फोडायच्या कामावर जायचे. घरी मिलो यायची, अमेरिकेहून आलेली लाल ज्वारी. तिची भाकरी जाड, तुटकी, आणि तीही आज केली तर उद्या पुरवायची. कामावर सुकडी मिळायची, ती वडील रुमालात बांधून मुलांसाठी आणायचे. हॉटेलातला चहा-पाव कुणाला मिळायचा, तर ज्याच्या खिशात पैसे त्याला. अब्बा पुढे कमावते झाले आणि पहिल्या पगारापासून घरात सकाळी पाव येऊ लागला. तो पाव डॉक्टरांनी बंद केला, आणि सुनेने त्याच्या जागी काय ठेवलं, तर शिळी भाकरी!

त्यांच्याशी वाद घालण्यात अर्थ नव्हता. शिळं थंड झालेल्या भाकरीतल्या पिठाचा थोडा भाग सावकाश पचतो, हे मी वाचलेलं त्यांना सांगितलं. ते ऐकून हसले. शेवटी मीच मार्ग बदलला. भाकरी मुद्दाम सकाळी ताजी करून तिचे कुटके करण्यात काही मजा नाही, म्हणून त्यांच्यासाठी धिरडी सुरू केली : ज्वारीचं पीठ, निम्मं बेसन, भरपूर मेथी, तव्यावर पातळ पसरायची. ती पाहुण्यांपुढेही चालतात. कुटके मी आणि पोरं स्वयंपाकघरात खातो.

हिवाळ्यात जवाच्या पिठाचा तलबिनाही करते. पीठ दुधात शिजवायचं, इतरांना मध, अब्बांना नुसताच. आजारी आणि दुःखात असलेल्यांना हजरत आयेशा तो द्यायला सांगत, असं हदीसमध्ये आहे. म्हणून अब्बा त्याबद्दल तक्रार करत नाहीत, पण बिनमधाचा घोट घेताना तोंड कसं होतं ते मला दिसतं.

एक गोष्ट मात्र आधीच सांगून ठेवते. हे सगळं स्वस्त असलं तरी फुकट नाही. पाव आणायला पाच मिनिटं लागतात, कण्या ढवळायला बाईमाणूस उभं राहावं लागतं. गिरणीवाला दोन किलो भरडण्यासाठी चक्की सैल करायला कुरकुरतो. शाळेचे डबे, नळाचं पाणी, सगळं त्याच वेळेला. म्हणून आठवड्यातून तीनच दिवस कण्या, आणि ढवळायचं काम आता आमच्या मोठ्याकडे आहे. तेरा वर्षांचा आहे, त्याला जमतं. आधी 'ये लडकियों का काम' म्हणाला होता. त्याला उत्तर मी नाही, अब्बांनी दिलं.

अब्बांची साखर आता दीडशेच्या आसपास असते. गोळ्या आहेत, सकाळचं चालणं आहे, एकट्या कण्यांना श्रेय देणार नाही.

शुक्रवारी मात्र खिचडी-खट्टा-कीमा. आमच्या गावाच्या पलीकडे भोकरदन, म्हणजे जुनं निजामाचं राज्य. तो हैदराबादी नाश्ता हद्द ओलांडून कधीच इकडे आलेला आहे. मसूरडाळीची खिचडी, चिंच आणि तिळाचा खट्टा. त्या दिवशी अब्बांना खिचडी अर्धी वाटी आणि कीमा दुप्पट, असा आमच्यात सौदा ठरला आहे. अर्धी वाटी कोणती, यावर अजून बोलणी चालू आहेत.