खुराड्याचा अर्थ

‘खुराडे’ हा शब्द मराठीत हल्ली कोंबड्यांपेक्षा माणसांविषयीच अधिक वापरला जातो. चाळीतल्या खोलीला, महानगरातल्या अरुंद सदनिकेला आपण खुराडे म्हणतो; त्यात थोडी कीव असते आणि थोडी हेटाळणीही. उपमेपुरता उरलेला हा शब्द वस्तू म्हणून हाती घेण्याचा प्रसंग आम्हां उभयतांवर यंदा होळीनंतर आला. शेजारच्या काकींच्या घराची मागची भिंत पावसाआधी पाडून बांधायची होती आणि भिंतीला टेकलेले खुराडेही तिच्याबरोबर जाणार होते. सात कोंबड्या व एक कोंबडा दोन महिने आमच्या परसात ठेवावेत, असे ठरले.

“दोन महिन्यांचा तर प्रश्न. चार कामट्या ठोका, वर झावळ टाका, झालं,” काकी म्हणाल्या. त्यांचा संकोच आम्हांला समजत होता. पण गावरान अंड्यांचे पैसे हीच त्यांची कोणालाही हिशेब न देता खर्चण्याजोगी कमाई. आमच्याकडे येत होती ती ही ठेव.

शिवाय ‘तात्पुरते’ या शब्दाशी आमचा व्यवसायामुळे जुना परिचय आहे. पत्र्याखालचे तात्पुरते वर्ग आणि तासिका तत्त्वावर वर्षानुवर्षे शिकवणारे तात्पुरते सहकारी पाहून आमचे असे मत झाले आहे की, हा शब्द मुदत सांगण्यासाठी क्वचितच येतो. उणिवेचे समर्थन करण्यासाठीच तो बहुधा योजला जातो. मुंगसाला मात्र असले समर्थन चालत नाही. त्याला एक संधी पुरते.

म्हणून फणसाखालचा, पाणी न साचणारा उंचवटा निवडला. पक्ष्यामागे दोन चौरस फूट धरून चार बाय चार फुटांचा जांभ्या चिऱ्यांचा चौथरा केला. खालून उकरून येण्याची वाट त्यामुळे बंद झाली. मोठ्या भोकांची जाळी कोंबडीला आत ठेवते, सापाला आणि उंदराला बाहेर ठेवत नाही. तेव्हा अर्ध्या इंचाची जाळी लावली. वरच्या बाजूला वारा खेळता ठेवला, तळाशी भाताचे तूस पसरले. दांडी विसरून चालणार नव्हते. पाळीव कोंबडीचा पूर्वज रानकोंबडा रात्री झाडाच्या फांदीवर बसतो. हजारो वर्षे माणसाच्या अंगणात काढूनही कोंबडीने फांदीची ती ओढ सोडलेली नाही.

खरी अडचण एका खुडूक कोंबडीची होती. ती नऊ अंड्यांवर बसली होती आणि तिचा सहावा दिवस होता. जागा बदलली की अशी कोंबडी अंडी टाकून उठण्याची भीती असते. कोंबड्यांना अंधारात फारसे दिसत नाही, म्हणून सगळ्यांचे स्थलांतर रात्री केले. हिला मात्र अंड्यांसकट, तिच्याच टोपलीत, न उठवता आणले आणि आडोशाला ठेवले. सकाळी ती तशीच बसून होती.

बाकीच्यांना आठवडाभर कोंडून ठेवावे लागले. मोकळ्या सुटल्या असत्या, तर तिन्हीसांजेला त्या गड्यांच्या पायांतून जुन्या जागीच गेल्या असत्या. कोंबडी माणसाची होत नाही, जागेची होते. आणि जागा आपली वाटायला तिला आठवडा पुरतो. आठव्या दिवशी दार उघडले. संध्याकाळी सातही जण न बोलावता आत आले, तेव्हा आनंद झाला आणि त्याच क्षणी जाणवले की परत पाठवण्याचे काम आपण अवघड करून ठेवले आहे. नीट केलेल्या पाहुणचाराला ही किंमत द्यावीच लागते. ती चुकवायची, तर पाहुण्याला सतत परके वाटत राहील अशीच सोय करावी लागते. आणि ती तशी मुद्दाम करणाऱ्या संस्था आपल्याकडे कमी नाहीत.

एकविसाव्या दिवशी सात पिल्ले निघाली. त्यांच्या दृष्टीने आमचे परस तात्पुरते नाही; त्यांना दुसरे जग अजून ठाऊकच नाही.

काकींची भिंत आता उभी आहे. नव्या जागी पुन्हा आठवडाभर कोंडणे आले. काल त्यांचा गवंडी आमच्या खुराड्याची मापे घेऊन गेला. दांडीची उंचीही त्याने लिहून घेतली.