१ ऑगस्टला संपणारं विंडोज

विंडोज ७ची बीटा आवृत्ती जानेवारी २००९मध्ये सगळ्यांसाठी खुली झाली. आधी ती फक्त २५ लाख लोकांना मिळणार होती, पण इतकी झुंबड उडाली की मायक्रोसॉफ्टने ती मर्यादाच काढून टाकली. त्या झुंबडीत मीही होते. कराडमध्ये, बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला.

फाइल सुमारे २.४ जीबीची. आज तुम्ही तेवढा डेटा एका वेब सिरीजवर उडवता. आमच्याकडे २५६ केबीपीएसचं कनेक्शन होतं आणि रात्री दोन ते सकाळी आठ डाउनलोड फुकट. चार रात्री लागल्या.

खरा प्रश्न पुढेच होता. घरात कॉम्प्युटर एकच आणि त्यावर बाबांचं पोट. पंचवीसेक दुकानांचे हिशोब त्या मशिनवर होते. बीटा म्हणजे अजून पूर्ण न झालेली गोष्ट. बॅकअप घ्या, रोजच्या कामाच्या मशिनवर टाकू नका, असं खुद्द कंपनीच सांगत होती. बाबा म्हणाले, "अर्धवट शिजलेलं कशाला वाढून घ्यायचं गं?"

मग मी त्यांचा सगळा डेटा दोन-दोन सीडींवर उतरवला, हार्ड डिस्कचा ३० जीबीचा तुकडा वेगळा काढला आणि नवं विंडोज त्यात टाकलं. जुनं एक्सपी जागच्या जागी राहिलं. मशिन सुरू झालं की कशात जायचं ते विचारायचं. ३० सेकंदांत काही सांगितलं नाही, तर सरळ नव्यात. बाबा रोज सकाळी चष्मा लावून, बाणाचं बटण दाबून 'अर्लियर व्हर्जन ऑफ विंडोज' निवडायचे.

नव्यात डेस्कटॉपवर एक मासा होता. बेट्टा जातीचा, म्हणजे बीटावरची कोटी. खिडकी ओढून वर नेली की पडदाभर व्हायची, कडेला नेली की अर्ध्यात बसायची. पण मला सगळ्यात आवडली ती खिडक्यांच्या वरच्या कोपऱ्यातली छोटीशी लिंक : 'सेंड फीडबॅक'. तुम्हाला काय वाटतं ते कळवा.

विसाव्या वर्षापर्यंत मला हे कुणी विचारलं नव्हतं. शाळा, सायन्स, कॉलेज, सगळं ठरूनच हातात यायचं. इथे मी डिक्शनरी शेजारी ठेवून इंग्रजीत लिहायला लागले. ही सूचना इतकी लांब का? हा शब्द सोपा करता येईल का? मुद्दा एकच, चार ओळी, कारणासकट. उत्तराची अपेक्षा नव्हती. ठरायच्या आधी बोलायची सवय मात्र लागली.

मे महिन्यात पुढचा टप्पा आला, रिलीज कँडिडेट. म्हणजे मोठे बदल आता संपले, उरलेली डागडुजी फक्त. माझ्या बीटाची शेवटची तारीख १ ऑगस्ट होती. १ जुलैपासून ते दर दोन तासांनी आपोआप बंद होणार, हेही आधीच जाहीर झालेलं.

घरात माझं पुढचं शिक्षणही याच टप्प्यावर आलं होतं. गावातच बी.एड. करायचं, मग जवळपास नोकरी. मला पुण्याला जाऊन स्टॅटिस्टिक्समध्ये एम.एस्सी. करायचं होतं. एका संध्याकाळी मी ते बाबांना कागदावर लिहून दिलं. तीन मुद्दे, प्रत्येकाचं कारण, खाली दोन वर्षांच्या खर्चाचा अंदाज.

बाबांनी तो कागद दोनदा वाचला, दुकानदारांच्या वह्या वाचतात तसा. आई स्वयंपाकघराच्या दारात उभी. बराच वेळ कुणी बोललं नाही. मग बाबांनी खिशातलं पेन काढलं, एका आकड्यावर रेघ मारली आणि म्हणाले, "हॉस्टेलचा खर्च कमी धरलायस." शेजारी त्यांनी मोठा आकडा लिहिला.

अंतिम विंडोज ७ बाजारात आलं २२ ऑक्टोबरला. तेव्हा मी पुण्यात होते. त्या आवृत्तीतल्या खिडक्यांवर ती लिंक नव्हती. पूर्ण झालेल्या गोष्टीत ती कशाला ठेवतील?

आज तुमच्या फोनवरही बीटा येतात, मत द्यायची सोयही असते. तुमच्याबद्दल घरात जे ठरत असतं, त्यावर मात्र अशी लिंक कुणी लावून देत नाही. तिथे कागद-पेन आपणच काढावं लागतं, आणि तेही तारीख उलटायच्या आत.