लोकलमधले मुसाफिर

आमच्या अम्मींनी सत्तरी ओलांडली आहे. त्यांची धाकटी बहीण, म्हणजे आमच्या खाला, लग्न होऊन मुंब्र्याला गेल्या त्याला पस्तीस वर्षे झाली. यंदा खालांचा फोन आला, "आपा, अब मेरे से आना नै होता. तुमीच आओ." अम्मींनी त्याच रात्री पिशवी भरायला घेतली. शाळेला सुट्टी लागताच अम्मी, आम्ही पती-पत्नी आणि आठवीतला मुलगा असे चौघे लातूरहून निघालो.

पहाटे ठाण्याला उतरलो. मुंब्र्याचे तिकीट काढले आणि समोर आलेल्या लोकलमध्ये सामानासह चढलो. गाडी सुटली, मुंब्र्याला थांबलीच नाही आणि थेट डोंबिवलीला जाऊन उभी राहिली. ती जलद गाडी होती. जलद लोकल मोजक्याच स्टेशनांवर थांबते, धीमी प्रत्येक स्टेशनवर थांबते. मुंब्र्यासाठी धीमीच धरावी लागते. पुन्हा तिकीट काढून आम्ही मागे फिरलो.

खालांच्या मुलाने हसत हसत आमचा वर्गच घेतला. आयुष्यभर दुसऱ्यांच्या मुलांना शिकवणारे आम्ही, त्या दिवशी मुकाट्याने ऐकत बसलो. तो म्हणाला, "भाईजान, गाडी बघून चढू नका, इंडिकेटर बघून चढा. गाडी कुठवर जाणार, किती वाजता, धीमी की जलद, सगळं तिथं लिहिलेलं असतं. उतरायच्या आधीच्या स्टेशनवर दाराकडे सरका आणि प्लॅटफॉर्म कोणत्या बाजूला येणार ते शेजाऱ्याला विचारा. तिरक्या पट्ट्यांचा डबा फर्स्ट क्लासचा, साध्या तिकिटावर त्यात चढलात तर दंड. सकाळी सगळी गर्दी मुंबईकडे जाते, संध्याकाळी मुंबईहून परत येते. तुम्हाला ऑफिस गाठायचं नाही, मग त्या वेळी निघताच कशाला?"

शेवटी त्याने एक नियम सांगितला. "ताटातूट झाली तर मागे राहिलेल्याने जागा सोडायची नाही. पुढे गेलेल्याने पुढच्या स्टेशनवर उतरून परत यायचं. दोघेही शोधायला निघाले की चुकामूक ठरलेली." आणि अम्मींच्या बटव्यात ठेवण्यासाठी त्याने घरचा पत्ता व फोन नंबर एका चिठ्ठीवर लिहून दिला.

दोन दिवस बहिणींच्या गप्पा पुरल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी आम्ही मुंबई पाहायला निघालो. गर्दी ओसरल्यावर अकराच्या सुमारास धीमी लोकल धरली. ठाण्यापासून पुढचा मार्ग देशातल्या पहिल्या प्रवासी रेल्वेचा. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्याला पहिली गाडी धावली, तेव्हा तिला साहिब, सिंध आणि सुलतान ही तीन इंजिने जोडली होती. ही नावे ऐकून मुलाला फार गंमत वाटली.

मस्जिद स्टेशनला उतरलो. आम्हाला वाटले होते, हे नाव जामा मशिदीवरून पडले असेल. पण जवळच बेने इस्राएल यहुदी समाजाचे १७९६ साली स्थापन झालेले प्रार्थनास्थळ आहे. हे मराठी बोलणारे यहुदी आपल्या प्रार्थनास्थळाला मशीदच म्हणत आणि स्टेशनचे नाव त्यावरूनच पडले, असे सांगतात. तिथून पायी जामा मशिदीत गेलो. आतला जुना तलाव पाहिला, जोहरची नमाज अदा केली.

अम्मींना माहीमला जायचे होते. मखदूम अली माहिमी हे चौदाव्या-पंधराव्या शतकातले मोठे आलिम. त्यांनी अरबीत कुरआनची तफसीर लिहिली. मस्जिद स्टेशनहूनच हार्बर मार्गाची गोरेगावकडची गाडी मिळाली. ती वडाळ्यावरून थेट माहीमला नेते. तिथे फातिहा पढून निघेपर्यंत मात्र संध्याकाळ झाली. खालांच्या मुलाचा सल्ला इथे आम्ही मोडला.

माहीमहून पश्चिम रेल्वेने दादर, मग पूल ओलांडून मध्य रेल्वेच्या प्लॅटफॉर्मवर. तो पूल म्हणजे माणसांची नदीच. धीमी गाडी आली. अम्मी आणि सूनबाई महिलांच्या डब्याकडे, आम्ही बापलेक शेजारच्या डब्याकडे गेलो. गाडी जेमतेम अर्धा मिनिट थांबली असेल. सुटल्याबरोबर पत्नीचा फोन आला. आवाज फुटत नव्हता. "अम्मी खालीच राहिल्या. मला मागून लोकांनी आत ढकललं. आणि चिठ्ठी... चिठ्ठी माझ्याच पर्समध्ये आहे."

अम्मींकडे फोन नाही. त्या कुरआन आणि उर्दू वाचतात. स्टेशनवरच्या मराठी, हिंदी, इंग्रजी पाट्यांतले एक अक्षर त्यांना लागत नाही. त्या गर्दीत त्या एकट्या होत्या. आम्ही मुलाचा हात घट्ट धरला. तोंडात दरूद होता, पण मनात नको नको ते येत होते.

पुढचे स्टेशन माटुंगा. तिघेही उतरलो, पूल चढून पलीकडे गेलो. दादरकडची गाडी यायला पाच-सहा मिनिटे लागली. ती पाच मिनिटे कशी गेली ते सांगता येत नाही. दादरला उतरून पुन्हा पूल, पुन्हा गर्दी.

अम्मी होत्या त्याच जागी, खांबाला टेकून, हातात तसबीह. शेजारी एक बाई उभ्या होत्या. कपाळावर टिकली, खांद्याला डब्याची पिशवी. आम्हाला पाहताच त्या म्हणाल्या, "तुम्हीच का यांचे? अहो, मी म्हटलं पोलिसांकडे जाऊ, स्टेशनमास्तरकडे जाऊ, पण आजी हलायलाच तयार नाहीत." अम्मी शांतपणे म्हणाल्या, "मेरे कू यहीच ठैरने बोले थे. मैं कैसे हिलती?"

त्या बाईंना कल्याणला जायचे होते. आमच्या अम्मींसाठी त्यांनी दोन गाड्या सोडल्या होत्या. घरी त्यांचीही कुणी वाट पाहत असेल. आम्ही हात जोडले, नाव विचारले. "नाव कशाला? आली बघा गाडी," म्हणत त्यांनी अम्मींचा दंड धरला, आमच्या पत्नीला पुढे घातले आणि दोघींना डब्यात चढवून मगच स्वतः चढल्या. मुंब्रा येईपर्यंत त्यांनी अम्मींना कुणाकडून तरी बसायला जागाही मिळवून दिली होती.

कुरआनने जकातीच्या आठ हक्कदारांत वाटसरूही गणला आहे. वर्गात हे आम्ही अनेकदा शिकवले. घरी खाऊनपिऊन सुखी असलेला माणूसही वाटेत हतबल होतो, म्हणून त्याचा हक्क. त्याचा अर्थ दादरच्या प्लॅटफॉर्मवर कळला. आमच्या गावच्या स्टँडवर गोंधळून उभ्या असलेल्या परक्या माणसासाठी आम्ही आजवर किती एस.टी. सोडल्या, हा प्रश्न त्या रात्री आम्हाला पडला. उत्तर काही चांगले नव्हते.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोन कामे केली. चिठ्ठी अम्मींच्या बटव्यात ठेवली. आणि एका कागदावर दादर ते मुंब्रा सगळी धीमी स्टेशने ओळीने उर्दूत लिहून अम्मींना दिली. अम्मी उरलेले चार दिवस लोकलमध्ये खिडकीशी बसून तो कागद मांडीवर धरीत. गाडी थांबली की एका नावावर बोट ठेवीत. परतीच्या दिवशी मुंब्र्याहून ठाण्याला निघालो तेव्हा कळवा जाताच त्या स्वतःच उठल्या आणि आम्हाला म्हणाल्या, "चलो, दरवाजे की तरफ सरको. अब ठाना आता."