मनुरेवातली अँबॅसेडर आणि तिचा रेडिओ

मनुरेवा हे नाव पहिल्यांदा ऐकलं तेव्हा ते मला घरचंच वाटलं होतं. मनू आपला, रेवा म्हणजे नर्मदा. इथे आल्यावर कळलं की माओरी भाषेत मनू म्हणजे पक्षी, आणि पक्ष्यासारखा उडतो म्हणून पतंगही; रेवा म्हणजे तरंगत जाणं. तामापाहोरे नावाच्या पूर्वजाच्या पतंगाचा दोर तुटला आणि पतंग तरंगत निघून गेला, त्यावरून हे नाव पडलं अशी कथा आहे. थोडक्यात, आम्ही कटलेल्या पतंगाच्या गावात राहतो. मंडळाच्या कार्यक्रमाला नॉर्थ शोअरवरून येणारी मंडळी "अरे बापरे, मनुरेवा?" म्हणून भुवया उंचावतात, म्हणून हे आधीच सांगून टाकलं.

आमच्या गावाचा कणा म्हणजे ग्रेट साउथ रोड. १८६० च्या दशकात गव्हर्नर ग्रे याने वायकाटोच्या माओरींवर फौज नेण्यासाठी हा रस्ता दक्षिणेकडे वाढवून घेतला. आज त्यावरून फौजेऐवजी आपल्यासारखी माणसं कामावर जातात. दोन्ही अंगांना टायरवाले, जुन्या गाड्यांचे दलाल, पॉलिनेशियन बेकऱ्या, आणि मधूनच मसूर डाळीच्या पोत्यांवर सूट देणारा आपला वाणी. साउथमॉल १९६७ चा, म्हणजे इथल्या मानाने पुरातन. हिल रोडने वर गेलं की बोटॅनिक गार्डन, जिथे पाहुण्यांना नेऊन आपण गावाची अब्रू राखतो. खाली टाकानिनीला गुरुद्वारा आहे, २००५ साली झालेला. तिथला लंगर हा अण्णांचा, म्हणजे माझ्या वडिलांचा, आवडता कार्यक्रम.

अण्णा आई गेल्यावर, २०१६ साली, आमच्याकडे आले. आता पंच्याऐंशीचे आहेत. पहिली दोन वर्षं त्यांनी इथल्या कोणत्याच गोष्टीला चांगलं किंवा वाईट म्हटलं नाही. मग एका शनिवारी साउथमॉलच्या गाडीतळावर ते एकदम थांबले आणि मोठ्यांदा म्हणाले, "अँबॅसेडर!"

होती ती मॉरिस ऑक्सफर्ड, सीरीज थ्री. पण त्यांचं काही चुकलं नव्हतं. इंग्लंडात १९५६ साली निघालेल्या ह्याच गाडीचे साचे हिंदुस्तान मोटर्सने घेतले आणि कलकत्त्याजवळ उत्तरपाड्याला तिचीच अँबॅसेडर केली. इंग्लंडात ऑक्सफर्डचं हे रूप तीन-चार वर्षांत बाद झालं, आपल्याकडे अँबॅसेडर २०१४ पर्यंत निघत राहिली. न्यूझीलंडमध्ये जुन्या गाड्या टिकल्या त्याचं कारण वेगळं. १९३८ च्या अखेरीस इथे आयातीवर परवाने आले, पुढे कित्येक वर्षं नवी गाडी मिळणं म्हणजे दिव्य होतं, तेव्हा लोकांनी असलेल्या गाड्या जपल्या. ही १९५८ ची होती. काचेवर 'विकणे आहे' अशी पाटी होती. अण्णांनी तिच्याभोवती एक फेरी मारली, खाली वाकून पाहिलं, बॉनेटवर हात ठेवला. मी सौ.ला फोन केला नाही, हे माझं चुकलंच. ती गोष्ट इथे वाढवत नाही.

गाडी चालत होती. रेडिओ चालत नव्हता. रेडिओमोबाइल कंपनीचा, वर एच.एम.व्ही.चं नाव, हो, तेच, तबकडीवरच्या कुत्र्याचे एच.एम.व्ही. त्यांनी आणि घड्याळं-मीटरवाल्या स्मिथ्सने मिळून ही कंपनी काढली होती. काट्यामागची पट्टी मीटरमध्ये आखलेली. आणि डाव्या बाजूचं, म्हणजे रेडिओ चालू करण्याचं आणि आवाजाचं बटण गायब. नुसता पितळी दांडा बाहेर आलेला.

त्या दांड्याकडे पाहून अण्णा हसले. म्हणाले, "साहेब इथेपण होते वाटतं."

इथे मला थोडं थांबायला हवं. वाचकहो, तुमच्यापैकी कितीतरी जणांनी मला विचारलंय, "वडील काय करायचे?" आणि वीस वर्षं मी एकच उत्तर देत आलोय: "पुण्यात खाजगी कंपनीत होते." खोटं नाही. ते एका कारखान्याच्या मोठ्या साहेबांचे ड्रायव्हर होते, १९६६ ते १९९८. सगळी वर्षं अँबॅसेडर. गाडीत रेडिओ होता, पण तो साहेबांचा. साहेब उतरताना ते बटण ओढून काढायचे आणि कोटाच्या खिशात टाकायचे. बॅटरी उतरते म्हणून.

अण्णांनी त्या दिवशी, साउथमॉलहून घरी येताना, मला २५ जून १९८३ ची रात्र सांगितली. लॉर्ड्सला वर्ल्ड कपची फायनल चालू होती. साहेब खंडाळ्याला एका बंगल्यावर पार्टीला. बाहेर पाऊस, अण्णा गाडीत. आतून मधूनच ओरडण्याचे आवाज यायचे, पण कोण आउट झालं ते कळायचं नाही. रेडिओ हाताच्या अंतरावर, बटण साहेबांच्या खिशात. आपण जिंकलो हे त्यांना बंगल्याचा माळी सांगत आला तेव्हा कळलं.

मी म्हटलं, "डिकीत पक्कड असेल की. दांडा फिरवता आला असता."

"आला असता."

"मग?"

"मग काय. नाही फिरवला."

मी त्या वर्षी शाळेत होतो आणि चाळीतल्या टी.व्ही.समोर दाटीवाटीने बसून ती मॅच पाहिली होती. दुसऱ्या दिवशी अण्णांना ती बॉल टु बॉल करून दाखवली होती. त्यांनी सगळी ऐकून घेतली होती.

तर रेडिओ दुरुस्त करायचा ठरला. पहिल्यांदा एका कार-ऑडिओच्या दुकानात गेलो. तिथल्या पोराने प्रेमाने समजावलं की आतलं सगळं काढून टाकू, दर्शनी भाग तसाच ठेवून मागे ब्लूटूथ बसवू, फोनवरून हवं ते वाजेल. शिवाय गाडीचं अर्थिंग उलटं आहे तेही बदलू. हे खरं आहे. त्या काळच्या बऱ्याच इंग्रजी गाड्यांत बॅटरीचं धन टोक गाडीच्या सांगाड्याला जोडलेलं असे, आजच्या बरोबर उलट. नवा रेडिओ अशा गाडीत तसाच जोडला तर तो तिथल्या तिथे जळतो. जुन्या व्हॉल्व्हच्या बहुतेक रेडिओंना मात्र ह्याचं सोयरसुतक नसतं. अण्णा म्हणाले, "आत काहीच ठेवणार नाही, तर त्याला दुरुस्ती कशी म्हणायची?" आम्ही परत आलो.

न्यूझीलंडमध्ये जुन्या रेडिओंच्या शौकिनांची व्हिंटेज रेडिओ सोसायटी आहे. ओळखीच्या ओळखीने विचारत विचारत वेमथकडच्या एका गल्लीतला पत्ता मिळाला. मानुकाऊची खाडी जवळ, ओहोटीला चिखलाचा वास. गॅरेजमध्ये एक उंच म्हातारबुवा. तरुणपणी पोस्टात तंत्रज्ञ; १९८७ पर्यंत इथले टेलिफोन पोस्ट खात्याकडेच होते. भिंतीला छतापर्यंत रेडिओ, आणि बिस्किटांचे पत्र्याचे डबे, त्यांवर चिकटपट्ट्या: 'स्क्रू', 'दिवे', 'बटणं', 'ठाऊक नाही'.

त्यांनी रेडिओ दोन भागांत काढला. समोरची पेटी एक, आणि डॅशखालचा विजेचा डबा दुसरा. त्या डब्यात ह्या सगळ्या यंत्राचं हृदय असतं, व्हायब्रेटर. दारावरच्या जुन्या विजेच्या घंटीचा चुलतभाऊ म्हणा. एक पत्ती सेकंदाला शंभरेक वेळा थरथरते आणि बॅटरीचा बारा व्होल्टचा सरळ प्रवाह तोडते-जोडते. सरळ प्रवाह ट्रान्सफॉर्मरला चालत नाही, असा तुटक चालतो. तो त्याचे दोनशेच्या वर व्होल्ट करून व्हॉल्व्हना देतो. जुन्या गाडीत रेडिओ लावला की आधी जी भुंग्यासारखी गुणगुण येते ती ह्या पत्तीची. आमच्या पत्तीच्या टोकांवर साठ वर्षांचा गंज बसला होता. त्यांनी डबी कापून उघडली, अगदी बारीक पॉलिशपेपर टोकांमधून ओढला. मेणकागदाचे कपॅसिटर सगळे गळायला लागलेले, ते बदलले. व्हॉल्व्ह मात्र सगळे शाबूत निघाले. तीन शनिवार गेले. अण्णा प्रत्येक वेळी आले आणि स्टुलावर बसून राहिले. दोघांना एकमेकांची भाषा येत नव्हती आणि त्यांचं काही अडलं नाही.

तिसऱ्या शनिवारी रेडिओ गाडीत बसवला. गुणगुण झाली, व्हॉल्व्ह तापले, बातम्या देणारी बाई बोलायला लागली. मग इंजिन चालू केलं आणि बाई बुडाली. नुसता शिट्टीसारखा आवाज, ॲक्सिलरेटर दाबला की चढणारा. म्हातारबुवा प्लगच्या वायरी पाहायला लागले. अण्णा स्टुलावरून उठले. "प्लगचा आवाज टिकटिक येतो. हा डायनामो आहे," ते मला म्हणाले. "ब्रश ठिणग्या टाकतायत. कंडेन्सर लावायला सांग, पण जाड वायरीच्या टोकाला. फील्डच्या टोकाला नाही."

मी भाषांतर केलं. म्हातारबुवांनी डायनामोचे ब्रश काढून पाहिले, साफ केले, कंडेन्सर जाड वायरीला जोडला. शिट्टी गेली. हात पुसत त्यांनी मला विचारलं, "तुझे वडील काय करत होते?"

अण्णांना इंग्रजी येत नाही, पण हा प्रश्न त्यांना कळतो. इतकी वर्षं मंडळाच्या कार्यक्रमांत माझ्या शेजारी उभे राहून तो त्यांनी ऐकलाय, आणि माझं उत्तरही. ते बॉनेटकडे पाहत राहिले.

"ड्रायव्हर," मी म्हटलं. "बत्तीस वर्षं. ह्याच गाडीवर."

"तरीच," म्हातारबुवा म्हणाले, आणि 'बटणं' लिहिलेला डबा त्यांनी माझ्या नाही, अण्णांच्या हातात दिला. अण्णांनी अर्धा तास लावला. शेवटी एक हस्तिदंती रंगाचं निवडलं. उजव्या बटणाशी ते जुळत नाही.

ऐकायला काय मिळतं म्हणाल तर फक्त मीडियम वेव्ह. पट्टीवर लाँग वेव्हही आहे, पण त्यावर ह्या देशात रेडिओ स्टेशनच नाही. अण्णा कधीकधी ती खरखर तशीच ऐकत बसतात. रेडिओ तराना, १९९६ साली सुरू झालेला, १३८६ किलोहर्ट्झवर; मीटरच्या पट्टीवर तो २१६ च्या आसपास शोधावा लागला. आधी फिजीतल्या बोलण्याच्या वळणाचं हिंदी ऐकून अण्णा म्हणाले, "हा कुठला भय्या?" मग मुकेश लागला आणि प्रश्न मिटला. थोडं पुढे सरकवलं की रेडिओ सामोआ, ते शेजारच्या सामोअन आजीबाईंसाठी. रविवारी चर्चला जाताना त्या आमच्या फाटकाशी थांबून एक भजन ऐकून जातात.

अण्णांना आता इथे गाडी चालवता येत नाही, डोळ्यांमुळे. संध्याकाळी ते आवारात उभ्या असलेल्या गाडीत जाऊन बसतात, चाकामागे, आणि तासभर रेडिओ ऐकतात. मी बॅटरीचं काही बोलत नाही. रात्री गुपचूप चार्जर लावतो. उतरताना मात्र ते बटण ओढून काढतात आणि स्वेटरच्या खिशात टाकतात. गेल्या महिन्यात ते वॉशिंग मशीनमध्ये सापडलं. सौ.ने पुसून त्यांच्या उशाशी, चष्म्याच्या शेजारी ठेवलं.