दोन नांगर

मराठीत शेत नांगरतात आणि गलबतही नांगरतात. शेत नांगरलं म्हणजे काम सुरू झालं. गलबत नांगरलं म्हणजे प्रवास थांबला. बैलांच्या मागे मातीत शिरतो तो नांगर आणि तांडेलाने हाक दिली की पाण्यात सोडतात तोही नांगरच. संस्कृतातल्या लांगलाचा शेतात नांगर झाला. फारसीतला जहाजाचा लंगर उच्चाराने त्याच्या इतका जवळ की कोकणच्या खलाशाच्या तोंडी दोन्ही वस्तू एकाच नावाने नांदतात.

युरोपातल्या कवींनीही समुद्राचं शेत केलं, पण त्यांचा अर्थ उलटा. व्हर्जिलने लॅटिनमधलं नांगरण्याचं क्रियापद दर्याला लावलं. इंग्रजीत त्याच कुळातलं ‘इअर’ नावाचं एक फार जुनं क्रियापद होतं. कानाशी त्याचा काही संबंध नाही. त्याचा अर्थ नांगरणं. शेक्सपिअरच्या ‘अँटनी अँड क्लिओपात्रा’ या नाटकात चाचे आपल्या जहाजांच्या कण्यांनी समुद्र नांगरतात, तिथे हेच क्रियापद आहे. पुढे ते रोजच्या इंग्रजीतून नाहीसं झालं, पण लाटा नांगरत जाणारं जहाज कवितेत राहिलं. त्यांच्याकडे नांगरणं म्हणजे पुढे जाणं. आपल्याकडे थांबणं.

मला आपला अर्थ कामाच्या अधिक जवळचा वाटतो. जहाज नुसत्या वजनाने थांबत नाही. नांगराचं टोक तळाच्या गाळात रुतावं लागतं, आणि दोर आडवा ओढला गेला तरच ते रुततं. म्हणून पाणी जेवढं खोल त्याच्या कित्येक पट दोर सोडतात. तोवर नांगर तळाच्या चिखलात सरी ओढत जातो. म्हणजे तोही आधी नांगरतो आणि मग धरतो. जी. आय. टेलर हे केंब्रिजचे मोठे शास्त्रज्ञ, शिडाच्या होडीचे शौकीन. त्यांनी 1933 साली जहाजाचा एक नवा नांगर तयार केला, तो थेट शेतातल्या नांगराच्या फाळाच्या आकाराचा. इंग्रजांच्या हाताला जे तेव्हा सुचलं, ते आपल्या भाषेत आधीच एका शब्दात बसलेलं होतं.

हे सगळं दादरा-नगर हवेलीतल्या खानवेलमध्ये बसून लिहावं असं वाटण्याला कारण आहे. खानवेलला समुद्र दिसत नाही. साकरतोड नदी आहे, सागाचं रान आहे, डोंगरउतारावर नागलीची वरकस जमीन आणि सखल भागात भाताची खाचरं. साकरतोड दमणगंगेला मिळते आणि दमणगंगा दमणला समुद्राला. पाऊस धरला की खाचरात चिखलणी सुरू होते. वारली शेतकरी एका हाताने रुमणं दाबतो, दुसऱ्या हातात कासरा. लाकडी नांगर, त्याच्या टोकाला लोखंडाचा अरुंद फाळ, एवढंच अवजार. पोटरीभर पाण्यात बैल वळतात आणि फाळामागे उघडलेली सरी दोन पावलांत मिटून जाते, होडीमागचं पाणी मिटावं तशी. वारली माणूस जमिनीला धरतरी म्हणतो, धान्याला कणसरी म्हणतो, आणि दोघींना देवी मानतो. नांगर धरण्याआधी त्याला हे कुणी शिकवावं लागत नाही.

अशा, समुद्र न पाहिलेल्या मुलखाचं नशीब एका जहाजाने ठरवलं. 1772 साली मराठ्यांच्या आरमाराने पोर्तुगीजांच्या ‘सांताना’ या जहाजाचं नुकसान केलं. भरपाईची बोलणी लांबत गेली. 17 डिसेंबर 1779 रोजी पुणे दरबार आणि पोर्तुगीज यांच्यात मैत्रीचा तह झाला, त्यात 12,000 रुपये वसुलाची गावं द्यायचं ठरलं. 10 जून 1783 रोजी नगर हवेली पोर्तुगीजांकडे गेली, 1785 साली दादरा. गलबत समुद्रावर घायाळ झालं आणि त्याची किंमत डोंगराकडच्या 72 गावांच्या नांगरटीतून फेडली गेली. त्या गावांतल्या एकाही माणसाने ‘सांताना’ पाहिलं नसेल. 12,000 रुपये हा आकडा कागदावर एका ओळीत मावतो. तो उभा करायला मात्र किती बैल, किती पावसाळे लागले असतील, याचा विचार मला इथल्या प्रत्येक खाचराशी येतो.

आणखी एक गोष्ट फार कमी मराठी वाचकांना ठाऊक असते. हे प्रकरण पुढे हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात गेलं. 1954 च्या जुलै-ऑगस्टमध्ये हा प्रदेश मुक्त झाला. 22 जुलैला दादरा, 2 ऑगस्टला सिल्वासा. सुधीर फडके, राजा वाकणकर, बाबासाहेब पुरंदरे यांची नावं त्या लढ्याशी जोडलेली आहेत. कम्युनिस्ट आणि गोमंतकीय कार्यकर्तेही त्यात होते. सिल्वासा सोडून पोर्तुगीज कॅप्टन फिदाल्गो आपल्या पोलिसांसह या खानवेलला येऊन थांबले आणि 11 ऑगस्टला उधव्याजवळ शरण गेले. पोर्तुगालने दमणहून इथे येण्याच्या वाटेचा हक्क मागत भारतावर दावा लावला. 12 एप्रिल 1960 रोजी निकाल आला, आणि त्यात न्यायाधीशांना आपल्या तहाचा व सनदांचा अर्थ लावावा लागला. पेशव्यांनी दिलं होतं ते काय? राज्य, की नुसता वसूल? न्यायालयाने ठरवलं की वसूलच. ते एक सरंजाम होतं. पोर्तुगीजांचं सार्वभौमत्व पुढे इंग्रजांनी गृहीत धरल्यामुळे तयार झालं. जमीन देणं आणि जमिनीचा वसूल देणं यातला फरक पुणे दरबाराच्या कारकुनांना पक्का कळत होता. तो कळत असूनही गावं गेलीच.

नांगर धरणाऱ्याला या फरकाने फारसं काही मिळालं नाही. पोर्तुगीज अमलात ‘अल्वारा’ नावाने जमिनीची मोठमोठी दानपत्रं दिली गेली. 1971 च्या जमीनसुधारणा कायद्याने ती पद्धत मोडली. सीमेपलीकडे तलासरी-डहाणूच्या वारल्यांची अवस्था गोदावरी परुळेकरांनी ‘जेव्हा माणूस जागा होतो’ या पुस्तकात लिहून ठेवली आहे. तिथे वेठ म्हणजे आपलं शेत पडीक ठेवून आधी जमीनदाराचं शेत नांगरणं. 1945 साली ते लोक त्याविरुद्ध उभे राहिले. नांगराने इतिहास लिहिला असं आपण पुण्याबाबत अभिमानाने सांगतो. मुरार जगदेवाने फिरवलेला गाढवाचा नांगर, आणि पुढे जिजाऊंच्या काळातला सोन्याचा फाळ. दुसऱ्याच्या शेतात उपाशीपोटी चाललेल्या लाकडी नांगराची गोष्टही तितक्याच अभिमानाने सांगायला हवी.

आता खानवेलचा रस्ता पुढे दुधनीला जातो. दमणगंगेवर मधुबन धरण झालं आणि मागे विस्तीर्ण जलाशय पसरला. पर्यटक तिथे छत असलेल्या सजवलेल्या होड्यांतून फिरतात, डोंगरांची छायाचित्रं काढतात. जागा खरोखर सुंदर आहे. पण त्या पाण्याखाली आदिवासींची शेतं आहेत, घरांचे चौथरे आहेत. जिथे एके काळी बैल वळत होते त्याच्यावरून आता वल्ही चालतात. पहिल्यांदा जहाजासाठी वसूल गेला, दुसऱ्यांदा पाण्यासाठी जमीनच गेली. दोन्ही वेळा देणारा तोच. धरणाचं पाणी शेतांना आणि कारखान्यांना गरजेचं होतं, हे मान्य. ज्याच्या नांगराखालची माती त्यासाठी गेली, त्याचं नाव त्या पाण्याच्या काठी ठळक असायला हवं होतं, हेही तितकंच खरं.

नकाशे बदलले. 11 ऑगस्ट 1961 रोजी हा मुलूख भारतात विलीन झाला, 26 जानेवारी 2020 पासून दमण-दीवशी जोडला गेला. ज्या दमणच्या वाटेसाठी हेगला भांडण गेलं, ते दमण आता या मुलखाबरोबर एकाच प्रशासनात आहे. खानवेलच्या उतारावर नांगरट दरवर्षी पावसाबरोबर होते. दुधनीला आलात तर होडीचं भाडं विचाराल तेव्हाच पाण्याखालच्या गावांची नावंही विचारा, आणि ती लिहून घ्या.